नवव्या कलमापुढची खूण

मंगळवार, ९ जुलै. सकाळी साडेदहा.
हजर : सरपोतदार सर, विभागप्रमुख. रेश्मा, ग्राहकांचे फोन घेणारी. वानखेडे, ज्यांनी ती फाइल लिहिली होती. आणि मी, नीलिमा, टिपणं घेणारी.
गैरहजर : कोणी नाही.

हे माझंच अक्षर आहे. सहा वर्षं झाली, ती वही अजून माझ्या कपाटात आहे. त्या बैठकीत कोण काय बोललं ते सगळं तिच्यात क्रमांक घालून लिहिलेलं आहे. एकच गोष्ट नाही — जी मी बोलले नाही ती. ती माझ्या नवऱ्याला माहीत नाही. बहिणीला नाही. ऑफिसात तर नाहीच नाही. तुम्हाला आज सांगते आहे, तर तुम्हीच पहिले.

सुरुवात कुठून करू? माझ्यापासूनच करते.

मी याद्या करणारी बाई आहे. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत टाकीची साफसफाई, लिफ्टवाल्याची फेरी, गणपतीतल्या आरतीच्या पाळ्या, सगळ्या याद्या माझ्याकडे. ऑफिसातही तेच. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकांसाठी चालू करायच्या आधी काय काय पाहायचं, याची चौदा कलमांची यादी मी केली होती. ती छापून पुठ्ठ्याच्या पॅडला लावलेली असायची. एकेक काम करायचं, पेनानं खूण करायची, शेवटी सही. संगणकाच्या कंपनीत कागद कशाला, म्हणून लोक हसायचे. पण पेनाची खूण माणूस विचार करून करतो, असं माझं मत होतं. पॅडच्या वर, भिंतीवर, मी एक पाटी चिकटवली होती : ‘खूण ही शोभेची वस्तू नाही. काम झाले असेल तरच करावी. झाले नसेल तर पेन खाली ठेवावे व काम करावे.’ नवीन आलेले लोक तिचा फोटो काढायचे. मला तिचा अभिमान होता. होता म्हणजे — पुष्कळच होता.

कलम नववं असं होतं : ‘फाइल साच्याशी ताडून पाहिली.’

हे जरा समजावून सांगावं लागेल. आमचं सॉफ्टवेअर डायलिसिस केंद्रं वापरायची. कोणता पेशंट, कधी, कुठल्या मशीनवर. वेळ किंवा जागा बदलली तर त्याच्या फोनवर निरोप. असं सॉफ्टवेअर एका जागी एकसंध चालत नाही. कंटेनर म्हणतात तशा लहान लहान बंद डब्यांत चालतं. किती डबे, कुठे ठेवायचे, जुना डबा बंद करताना त्याला हातातलं काम संपवायला किती वेळ द्यायचा, हे सगळं एका साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेलं असतं. डबे हलवणारी यंत्रणा ती फाइल वाचते आणि तसं करते. या फाइलीत शब्दांइतकीच जागा महत्त्वाची. डावीकडे किती समास सोडला आहे, त्यावरून ओळ कोणाच्या घरातली ते ठरतं. दोन अक्षरांएवढी आत सरकली, की गेली शेजारच्या घरात. आणि आमची यंत्रणा अशी, की चुकीच्या घरात आलेल्या ओळीला ती हाकलत नाही, ओरडतही नाही. तिच्याकडे पाहतच नाही. ओळ तिथे असते, पण नसल्यासारखी.

म्हणून आधी साच्याशी ताडायचं. साचा म्हणजे स्कीमा, कोणत्या घरात कोणती ओळ बसू शकते याची पक्की नोंद. मी एक छोटा प्रोग्राम करून सगळ्यांच्या वापरातल्या मशीनवर ठेवला होता. त्याला फाइल द्यायची. सगळं जागच्या जागी असेल तर हिरवी ओळ, नसेल तर लाल. त्या प्रोग्रामला दिलेल्या आज्ञेत एक शब्द होता, ‘कडक’ अशा अर्थाचा. तो असला की अनोळखी ओळ दिसताच लाल. तो काढला, की अनोळखी ओळीकडे डोळेझाक आणि हिरवं.

तो शब्द मी काढला होता.

थांबा — कबूल करायचंय ते हे नाही. एवढंच असतं तर मी हे कधीच हसत हसत सांगून टाकलं असतं. असले शब्द आमच्या धंद्यात सगळेच कधी ना कधी काढतात.

जूनमध्ये यंत्रणेची नवी आवृत्ती आली होती. तिच्यात एक ओळ नवीन होती, रास्त होती. पण आमच्याकडचा साचा जुना. त्यामुळे बारा चांगल्या फाइली लाल दिसायला लागल्या. नवा साचा आणून बसवणं हे खरं काम. अर्ध्या दिवसाचं, असा माझा अंदाज. तेवढा वेळ त्या आठवड्यात नव्हता. मी तो शब्द काढला, फाइली हिरव्या झाल्या, आणि माझ्या वहीत लिहिलं : ‘नवा साचा बसवणे. कडक परत लावणे.’ दुसऱ्या दिवशी ती ओळ पुढच्या पानावर उतरवली. मग त्याच्या पुढच्या. असे तीन आठवडे. कोणाला सांगितलं नाही. उद्या करणारच आहे, मग सांगायचं कशाला? — असं मला तेव्हा वाटायचं. खरं कारण वेगळं होतं. त्या पाटीखाली उभं राहून ‘नववं कलम सध्या नावापुरतंच आहे’ असं मला म्हणवत नव्हतं.

आता वानखेडे.

वानखेडे तेव्हा एकावन्न वर्षांचे होते, माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठे. आधी सर्व्हर-रूम सांभाळायचे. तिथल्या थंडीसाठी ठेवलेला करडा स्वेटर पुढे बाहेर बसायला लागले तरी खुर्चीवर असायचाच. हे फाइलींचं काम त्यांनी पन्नाशीच्या तोंडावर शिकून घेतलं. हळू करायचे, पण नीट. समास बरोबर आहे का ते पाहायला ते स्टीलची सहा इंची पट्टी काढून सरळ स्क्रीनला लावायचे. कोणीतरी एकदा म्हणालं, “वानखेडे, शर्टाचं माप घेताय काय?” ते पट्टी न हलवता म्हणाले, “नाही, तुमच्या अकलेचं. पट्टी फार लांब पडतेय.” असे होते. राहायला वारज्याला, स्कूटरवरून यायचे, आणि डबा खाताना आईबद्दल बोलायचे. आई शेवटची चार वर्षं सगळं विसरत गेली होती. एकदा घरातून निघून बस-स्टॉपवर जाऊन बसली, आणि विचारपूस करणाऱ्यांना ठामपणे सांगत राहिली, की मुलानंच इथे थांबायला सांगितलंय. हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. म्हणजे मला माहीत होतं. हे ध्यानात ठेवा.

सोमवारी, आठ तारखेला, सकाळी अकराला आम्ही नवी आवृत्ती चढवली. फाइल वानखेड्यांची. यादीवर चौदा खुणा, खाली त्यांची सही. त्याच वेळी बिबवेवाडीच्या एका केंद्रातलं पाणी शुद्ध करायचं यंत्र बिघडलं होतं आणि दुपारच्या पेशंटना ‘आज दुसऱ्या केंद्रावर या’ असे निरोप चालले होते. जुन्या डब्याला हातातलं काम संपवायला पाच मिनिटं मिळायला हवी होती. फाइलीत तशी ओळ होती. पण ती दोन अक्षरं आत होती, चुकीच्या घरात. पट्टी लावून सरळ बसवलेली, फक्त भलत्या ओळीच्या खाली. यंत्रणेनं तिच्याकडे पाहिलं नाही आणि अर्ध्या मिनिटात डबा बंद केला. उरलेल्या निरोपांपुढे ‘पाठवले’ अशी नोंद आधीच पडली होती. गेले मात्र नव्हते.

नऊ माणसं बिबवेवाडीला पोचली. शटर खाली. त्यातल्या एक आजी एकट्याच आल्या होत्या. त्या पायरीवर दोन तास बसून राहिल्या. दुसरीकडे नेईपर्यंत उशीर झाला आणि संध्याकाळी धाप लागून त्यांना भरती करावं लागलं. तिसऱ्या दिवशी घरी आल्या. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. रेश्माला माहीत होतं.

मला सोमवारी दुपारीच कळलं होतं काय झालंय ते. फाइल उघडली आणि ती ओळ पाहिली. ओळ चुकीच्या घरात वानखेड्यांनी बसवली, हे खरंच आहे. पण माणसाच्या हातून ओळ सरकते, म्हणूनच तर नववं कलम होतं. ते त्यांनी केलं असणार आणि त्यांना हिरवंच दिसलं असणार.

मंगळवारी मी साडेसातलाच ऑफिसात गेले. नवा साचा आणला, बसवला, तो शब्द परत लावला. चाळीस मिनिटं लागली. ज्या कामाला अर्धा दिवस नाही म्हणून मी तीन आठवडे थांबले होते, ते चाळीस मिनिटांचं होतं. मी मनाशी ठरवलं होतं, की आधी दुरुस्त करायचं, मग बैठकीत सांगायचं. दुरुस्तीसकट सांगितलं की बरं दिसतं. खरंच असं ठरवलं होतं का? आज मला शपथेवर सांगता येणार नाही.

बैठकीत सरपोतदार सरांनी यादीचा कागद टेबलावर ठेवला आणि नवव्या खुणेवर बोट ठेवलं. “वानखेडे, ही खूण तुमची?”

“माझीच.”

“तपासणी चालवली होती?”

“चालवली होती. हिरवी होती.”

सर माझ्याकडे वळले. “नीलिमा, तीच फाइल आत्ता चालवून दाखव.”

बघा, वेळ होता. लॅपटॉप उघडायला, मशीनला जोडायला, फाइलचं नाव लिहायला — मिनिटभर तरी गेला असेल. त्या मिनिटात एक वाक्य पुरलं असतं. ‘सर, हा प्रोग्राम मी आज सकाळी बदललाय.’ एवढंच. मी ते मनात जुळवलंसुद्धा. आणि बटण दाबलं.

लाल.

भिंतीवरच्या मोठ्या पडद्यावर. पूर्ण वाक्य : अमुक ओळ, या जागी मान्य नाही.

रेश्मा कालपासून केंद्रांच्या शिव्या खात होती. तिनं फक्त मान फिरवली. सर म्हणाले, “यंत्र खोटं बोलत नाही, वानखेडे. खूण आधी करून ठेवली होती, असं म्हणू या का?” आवाज चढवला नाही. त्यांना चढवावा लागत नसे. वानखेडे त्या लाल ओळीकडे बघत राहिले. त्यांनी खिशातून चष्मा काढला, घातला, परत पाहिलं. मग म्हणाले, “असेल.”

मी लिहिलं : ‘४. नववे कलम न करता खूण केल्याचे वानखेडे यांनी मान्य केले.’

माझ्या हातानं लिहिलं. अक्षर सुबक आहे.

प्रोग्रामच्या फाइलवर त्या सकाळची वेळ होती. कोणीही पाहू शकलं असतं. वानखेडेही. पण माझ्या यादीवर संशय घ्यायचं कोणाच्या मनात आलं नाही. त्यांच्याही नाही. मी काही लपवलं नव्हतं, मला लपवावंच लागलं नाही. माझ्या व्यवस्थितपणावर सगळ्यांचा एवढा भरवसा होता.

बैठकीनंतर जिन्यात ते मला भेटले. कठड्याला हात धरून उभे होते. “ताई, मी चालवली होती हो. हिरवी ओळ मला अजून दिसतेय.” मग अगदी हळू म्हणाले, “पण आईलाही असंच सगळं दिसायचं.”

मी काय म्हणाले सांगू? मी म्हणाले, “अहो, होतं असं. दगदग झालीये तुम्हाला. दोन दिवस सुट्टी घ्या.”

ती बैठक नव्हती, सर नव्हते, पडदा नव्हता. जिन्यात आम्ही दोघंच होतो. तिथे कोणाला घाबरत होते मी?

पंधरा दिवसांनी ते एक कोरी वही घेऊन माझ्या टेबलाशी आले. याद्या कशा करतात ते शिकवा, म्हणाले. आणि मी शिकवलं. खुर्ची दिली, चहा मागवला आणि शिकवलं. काम होईपर्यंत पेन हातात घ्यायचं नाही. खूण करताना काम काय केलं ते मोठ्यानं म्हणायचं. रात्री उरलेलं उद्याच्या पानावर उतरवायचं. ते शाळेतल्यासारखं लिहून घेत होते. मध्येच मान वर करून म्हणाले, “तुमच्यासारखं डोकं पाहिजे होतं, ताई.” मी हसले. हसले, हे मला आठवतंय.

पुढचं थोडक्यात. नववं कलम सक्तीचं झालं. ती तपासणी आता माणसाच्या हातातच ठेवली नाही, आपोआप चालते, आणि हे सगळं उभं केल्याबद्दल माझं कौतुक झालं. मोठी जबाबदारी मिळाली. वानखेड्यांना फाइलींवरून काढून माहितीपत्रकं लिहायला बसवलं. त्यांनी तक्रार केली नाही. ते मेंदूच्या डॉक्टरांकडे गेले. चित्रं ओळखा, उलटे आकडे म्हणा, घड्याळ काढा, अशा सगळ्या परीक्षा झाल्या. सगळं उत्तम निघालं. मला येऊन सांगितलं. मला वाटलं, सुटले — ते सुटले आणि मीही. पण ते म्हणाले, “डॉक्टर म्हणतात काही नाही. पण ताई, यंत्रानं तर लाल दाखवलं ना.”

डॉक्टरांच्या शब्दापेक्षा त्यांना माझ्या प्रोग्रामचा शब्द मोठा होता.

वर्षभरात त्यांनी नोकरी सोडली. त्याआधी स्कूटर विकली. सिग्नल पाहिला की नाही ते नक्की सांगता येत नाही, म्हणाले. निरोपाच्या दिवशी वहिनी आल्या होत्या. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. “तुमच्या वहीनं फार आधार दिलाय ह्यांना.” मी त्यांना बसायला खुर्ची दिली आणि केक कापायला सुरी शोधायला गेले. सुरी समोरच होती.

गेल्या महिन्यात ते मला कोथरूड स्टँडवर भेटले. तब्येत चांगली. चेहरा तोच, जीभही तीच. “ओळखलंत ना? नाहीतर मला वाटेल, हा रोग संसर्गजन्य आहे,” म्हणाले. मग पिशवीतून वही काढली. कितवी तरी. तुमची पद्धत अजून चालू आहे, म्हणून कौतुकानं पान उघडून दाखवलं. गॅस बंद केला, खूण. गॅस बंद केला हे पाहिलं, खूण. दार लावलं, खूण. दार लावलं हे हिला दाखवलं, खूण. कोथरूडची बस धरली, खूण. त्याखाली : बस कोथरूडचीच आहे हे कंडक्टरला विचारलं. खूण. पानभर हेच. सकाळचे दहा वाजले होते.

त्या माणसाला काहीही झालेलं नाही. सत्तावन्न वर्षांचा, तल्लख, निरोगी माणूस. त्याला त्या सोमवारी हिरवी ओळ दिसली होती, कारण ती हिरवीच होती. हे जगात एकाच व्यक्तीला माहीत आहे. त्या व्यक्तीनं त्या दिवशी स्टँडवर ते पान पाहिलं आणि म्हटलं, “वा, छान ठेवलंय हो.”

मी घाबरले, म्हणून गप्प बसले. हे पहिल्या दिवसाबद्दल म्हणता येईल. दुसऱ्या दिवसाबद्दल कदाचित. उरलेल्या सहा वर्षांबद्दल काय म्हणू? नोकरी जाण्याची भीती केव्हाच संपली. सरपोतदार सर निवृत्त झाले. त्या प्रोग्रामच्या जागी केव्हाच दुसरा आला. ती पाटीसुद्धा ऑफिस हललं तेव्हा भिंतीवर राहिली. आता कोणाला काही फरक पडत नाही, एका माणसाखेरीज. आणि त्याला सांगायचं म्हणजे सहा वर्षांच्या प्रत्येक पानावरच्या प्रत्येक खुणेचा हिशेब त्याच्यासमोर उलगडायचा. ती स्कूटर. तो डॉक्टर. तो चहा, जो मी मागवला होता.

आज रविवार आहे. सकाळी नेहमीप्रमाणे यादी केली. टाकीवाल्याला फोन, खूण. चष्म्याची काडी, खूण. बहिणीला वाढदिवसाचा फोन, खूण. इस्त्रीचे कपडे आणले, खूण. शेवटची ओळ एका शब्दाची आहे : ‘वारजे.’ सहा वर्षं ती मी रोज रात्री उद्याच्या पानावर उतरवते आहे. नवऱ्यानं एकदा विचारलं होतं, “वारज्याला काय आहे?” मी म्हणाले, “एक काम राहिलंय.”

इथून वारजे बसनं वीस मिनिटं. रविवारी ते घरीच असतात. वहिनींनी मागेच सांगितलंय, केव्हाही या. बाकी सगळ्या ओळींपुढे खुणा झाल्या आहेत. काम झालं नसेल तर पेन खाली ठेवावं, असं मीच लिहिलं होतं.

पेन माझ्या हातात आहे.